वीस इंची चाक

शोरूममधल्या पडद्यावर गाडीचा रंग निवडता येत होता, सीटचं कापड निवडता येत होतं, छतावर कॅरिअर हवं की नको तेही ठरवता येत होतं. चाकांच्या रकान्यापाशी मात्र दिगंबर चाळक्यांचं बोट अडलं. वीस इंचांची ओळ ठळक होती आणि अठरा इंचांची फिकट करडी. कितीही दाबलं तरी ती उघडेना. तिच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'आपल्यासाठी उपलब्ध नाही.'

"आपल्यासाठी म्हणजे?" चाळक्यांनी विचारलं.

"स्टॉक नाहीये, काका," विक्रेता म्हणाला. त्याच्या खिशावरच्या पट्टीवर अद्वैत असं नाव होतं. "पण तुमचं नशीब बघा ना. टॉप मॉडेलची वीस इंची चाकं तुम्हाला त्याच किमतीत मिळतायत. गाडी काय रुबाबदार दिसेल!"

चाळक्यांनी चष्मा काढून पुसला. चिपळूण डेपोत एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली होती. धुकं, दरड, रात्रीचा पाऊस, सगळ्यांतून कुंभार्ली घाट उतरले होते आणि गाडीला कधी साधा ओरखडा आला नव्हता. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. घरच्या वापराला एक छोटी विजेची गाडी होती, पण आता त्यांना आणि पत्नी शैलाताईंना मुक्काम करत करत थेट आसामपर्यंत जायचं होतं. शैलाताईंना ब्रह्मपुत्रा बघायची होती. म्हणून ही मोठी गाडी, सह्यगिरी.

"अरे बाबा, ही दोन्ही चाकं बाहेरून एकाच उंचीची," चाळके म्हणाले. "अठराच्या टायरवर लिहिलेलं असतं दोनशे पस्तीस, साठ. म्हणजे रुंदी दोनशे पस्तीस मिलिमीटर आणि रबराची भिंत त्याच्या साठ टक्के. चौदा सेंटिमीटर रबर. वीसच्या टायरवर दोनशे पंचावन्न, पंचेचाळीस. म्हणजे साडेअकरा. रिम वाढली तेवढं रबर घटलं. रबर म्हणजे गाडीची गादी. आपल्या हायवेच्या खड्ड्यात साडेअकरावाली रिम वाकणार. रुंद टायर रस्त्याला जास्त घासणार, एका चार्जिंगमध्ये तीसचाळीस किलोमीटर कमी जाणार. लांबच्या प्रवासाला हे चाक मला फुकटसुद्धा नको."

अद्वैत हसला, पण त्याचे डोळे पडद्यावरून हलले नाहीत.

शेजारच्या टेबलावर एक दंतवैद्य बाई बसल्या होत्या. त्यांचीही सह्यगिरीच. चाळक्यांच्या कानावर पलीकडच्या विक्रेत्याचं वाक्य आलं, "अठरा इंची ना, मॅडम? सोमवारी गाडी घेऊन जा."

चाळक्यांनी अद्वैतकडे पाहिलं. अद्वैतने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

बाहेर आल्यावर, इतका वेळ शेजारी बसलेल्या शैलाताई म्हणाल्या, "चांगलं मिळतंय तर घेऊन टाकायचं की."

"महागाची वस्तू कोणी आग्रह करकरून गळ्यात मारत असेल, तर समजावं की त्यात त्याचा फायदा जास्त आहे," चाळके म्हणाले. "आणि तो आपल्याला सांगायचा नाहीये."

दुसऱ्या दिवशी डेपोसमोरच्या हॉटेलात त्यांनी हसन मुकादमला गाठलं. दोघं एकाच वर्षी भरती झालेले, आणि इतक्या वर्षांत एकमेकांना आडनावाशिवाय हाक न मारलेले. निवृत्तीनंतर मुकादम शाळेची मुलं ने-आण करायचा. त्याने सह्यगिरीचंच सात सीटचं मॉडेल बुक केलं होतं.

"मला पण वीस इंचीच दिली, वर एक पैसा न घेता," मुकादम खुशीत म्हणाला. "एसटीत एवढी वर्षं घासली त्याची कोणीतरी कदर केली म्हणायची."

"तू अठरा मागितली होतीस?"

"मागितली होती. नव्हती त्यांच्याकडे."

"कालच एका बाईला दिली माझ्यासमोर."

"चाळके, तू ड्रायव्हर कशाला झालास रे? कंडक्टर व्हायचं होतंस. तुला प्रत्येक माणूस बिनतिकिटाचा वाटतो."

मुकादमच्या हसण्यात चाळके सामील झाले, पण शंका काही जाईना. त्यांनी आठवडाभर ओळखीपाळखीत चौकशी केली. गेल्या वर्षभरात नवी गाडी घेतलेली चौदा माणसं सापडली. नऊ जणांना हवं ते चाक मिळालं होतं, पाच जणांना वीस इंची घ्यावं लागलं होतं. ना गाडीच्या किमतीचा संबंध दिसेना, ना रस्त्याचा. वयाचा असावा म्हणावं तर खेर्डीतल्या एका घरात सत्तरीच्या बापाला अठरा मिळालं होतं आणि पस्तिशीतल्या मुलाला वीस. त्या पाचही जणांना आपल्यावर मेहेरबानी झाली असंच वाटत होतं.

रविवारी पुण्याहून केतकीचा फोन आला. केतकी त्यांची एकुलती एक मुलगी. 'पदरव' नावाच्या टायर कंपनीत इंजिनिअर होती. सह्यगिरीचे टायर पदरवचेच असायचे.

"बाबा, गाडीचं ठरलं का? आणि चाकं वीस इंचीच घ्या हं, वाद घालू नका."

"वाद चाललाय हे तुला कोणी सांगितलं?"

केतकी अडखळली, "आई... आई बोलली असेल."

शैलाताई समोरच शेंगा सोलत होत्या. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. चाकांबद्दल त्या लेकीशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

चाळक्यांनी फोन ठेवला. शोरूमवाल्याचा संशय येणं वेगळं. तो परका माणूस, त्याचा धंदाच तो. पण आपलीच मुलगी कंपनीच्या बाजूने बोलतेय आणि वर खोटंही बोलतेय, हे त्यांना गिळता येईना. तिला गिऱ्हाइकं मिळवून द्यायची सक्ती असेल का? की टायरमध्येच काही खोट आहे आणि तो माल खपवायचा आहे? जेवताना ते एकदम म्हणाले, "गेल्या दिवाळीत तिने माझ्या जुन्या गाडीचे टायर बदलून दिले होते ना? स्वतःहून?"

"लेकीने बापाला टायर दिले, त्यातही तुम्हाला काळंबेरं दिसतंय?" शैलाताई म्हणाल्या. पण त्यांचाही घास हातातच राहिला होता.

पुढच्या शनिवारी केतकी घरी आली. ती चहा घेत असतानाच चाळक्यांनी सांगून टाकलं, "सह्यगिरी रद्द केली. एक जुनी डिझेलची जीप बघितलीय. साधे टायर. उद्या पैसे देतोय."

ते खोटं होतं. केतकीचा चेहरा कसा बदलतो एवढंच त्यांना पाहायचं होतं. तो पार उतरला.

"बाबा, साध्या टायरची गाडी घेऊ नका. घाटात तर मुळीच चालवू नका."

"का?"

"मी सांगू शकत नाही."

"मग उद्या जीप येतेय."

केतकीने कप खाली ठेवला. आईकडे पाहिलं. मग सावकाश बोलायला लागली.

टायर 'ऐकू' लागल्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. विजेच्या गाड्या बॅटरीमुळे फार जड. सह्यगिरीचं वजन सव्वादोन टनांच्या पुढे. एवढं धूड ओल्या रस्त्यावर वेळेत थांबवायचं, तर रस्ता किती निसरडा आहे हे ब्रेकला आधी कळायला हवं. म्हणून टायरच्या आतल्या थरात केसासारखे बारीक धागे विणायला सुरुवात झाली. हे धागे दाबले की त्यांच्यात किंचित वीज तयार होते. चाक फिरताना रस्त्याचा प्रत्येक खडा, प्रत्येक थेंब त्या विजेत उमटतो. हे चाळक्यांना ठाऊक होतं, जाहिरातीत सांगायचेच. जाहिरातीत न सांगितलेला भाग केतकीने सांगितला.

"चाकावर रस्ता खालून दाब देतो, तसा ड्रायव्हर वरून देतो, बाबा. तुम्ही स्टिअरिंग धरता तेव्हा हात सतत इकडे तिकडे थोडे थोडे सरकतात. तुम्हालाही जाणवत नाही एवढे. ते पुढच्या दोन्ही टायरांत उमटतं. एका पायडलवरून दुसऱ्या पायडलवर पाय जायला किती वेळ लागला, तेही उमटतं. सुरुवातीला आम्ही तो सगळा कचरा समजून वगळत होतो. मग लक्षात आलं की प्रत्येक माणसाची अशी एक चाल असते, आणि ती बदलली की माणसात काहीतरी बदललेलं असतं. कोणाची झोप होत नसते, कोणाची साखर वाढलेली असते, कोणाची नजर गेलेली असते."

"आणि चाकाची साईज?"

"गाडीत एक सुधारक असतो. ड्रायव्हरला उशीर झाला तर तो स्वतः ब्रेक लावतो, स्टिअरिंग सावरतो. पण चौदा सेंटिमीटर रबर आधी लवतं, मग वळतं. त्यात सेकंदाचे काही शतांश जातात. हलक्या गाडीत चालून जातं, सव्वादोन टनांत नाही. कमी रबर असलं की चाक हुकूम लगेच पाळतं. म्हणून ज्यांना सुधारकाची गरज जास्त, त्यांना वीस इंची द्यायचं, असं कंपन्यांनी आपसात ठरवलंय. न सांगता."

चाळके उठून उभे राहिले. "म्हणजे मला उशीर होतो? मला?"

"दिवाळीला टायर बदलले ते त्यासाठीच. मला तुमच्या चालण्यावरून शंका आली होती. तुमचा डावा हात चालताना हलत नाही, बाबा. मग मी तुमच्या गाडीची नोंद उघडून पाहिली. मला तसा अधिकार नाही, कळलं तर नोकरी जाईल. तुमच्या डाव्या हाताला थरथर आहे. सेकंदाला पाच वेळा. डोळ्यांना दिसत नाही, पण चाकाला कळते."

"किती दिवस झाले हे तुला कळून?"

"सात महिने."

शैलाताईंच्या हातातलं भांडं खाली पडलं. ते उचलायला कोणी वाकलं नाही.

"सात महिने तू दर रविवारी फोन केलास," चाळके म्हणाले. "जेवलात का विचारलंस. पाऊस आहे का विचारलंस."

"कसं सांगणार होते? गाडी सुटली तर तुमच्याकडे उरतं काय, असं वाटायचं. म्हटलं, वीस इंची चाक घेतलं की निदान तुम्ही सुरक्षित."

"मला यातल्या एका शब्दावर विश्वास नाही," चाळके म्हणाले. "ही तुमच्या कंपनीची नवीन तऱ्हा आहे. म्हाताऱ्यांना घाबरवायचं आणि नको तो माल खपवायचा. उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. मी दाखवतो तुला कोणाला उशीर होतो ते."

औद्योगिक वसाहतीत एका बंद कारखान्याचं मोकळं आवार होतं. तिथे चाळक्यांनी पूर्वी कित्येक नवे ड्रायव्हर घडवले होते. त्यांची परीक्षा साधी होती. ताशी चाळीसच्या वेगाने भिंतीच्या कडेने यायचं. भिंतीआडून कोणीतरी रिकामा डबा रस्त्यावर लोटायचा. डबा दिसला की ब्रेक. पुढचं चाक खडूच्या रेघेच्या अलीकडे थांबलं तर पास.

सकाळी आठला केतकी डबा घेऊन भिंतीआड उभी राहिली. चाळके जुन्या छोट्या गाडीतून आले, डबा गडगडला, गाडी थांबली. रेघेच्या दीड फूट अलीकडे. पुन्हा आले, पुन्हा अलीकडे. खिडकीतून डोकं काढून ते ओरडले, "बघितलंस? सांग तुझ्या कंपनीला!"

केतकी गाडीत येऊन बसली. तिने पडद्यावर दोनतीन पानं उलटली, स्वतःचा परवलीचा शब्द टाकला आणि सुधारकापुढची खूण पुसली. "आता या," म्हणाली आणि भिंतीआड गेली.

तिसऱ्या वेळी डबा चाकाखाली चिरडला. चाळके खाली उतरले. चाक रेघेच्या बरंच पलीकडे गेलं होतं. खिशातून टेप काढून त्यांनी मोजलं. अकरा फूट.

"डबा लवकर सोडलास."

"बरं, पुन्हा."

दहा फूट. मग बारा. मग त्यांनी केतकीला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः डबा लोटला. सुधारक बंदच होता. केतकी आयुष्यात कधी घाटात गाडी चालवणारी नव्हे, पण ती रेघेच्या अलीकडे थांबली.

चाळके भिंतीला टेकून उभे राहिले. केतकी जवळ आली तेव्हा ते चिरडलेल्या डब्याकडे बघत होते.

"परवा बाजारात एक बाई एकदम समोर आली होती," ते म्हणाले. "मी ब्रेक मारला. लोक म्हणाले, एसटीवाला आहे म्हणून वाचली. मलाही तसंच वाटलं." ते थांबले. "केतकी, तो ब्रेक कोणी मारला होता?"

उत्तर त्यांना नकोच होतं. त्यांनी गाडीची किल्ली तिच्या हातात दिली आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसले.

कराडच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यांना चालायला लावलं, अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला लावली, अत्तराची बाटली नाकाशी धरली. चाळक्यांना वास आला नाही. वास जाणं हीही एक खूण होती; हा कंपवात होता, पार्किन्सन्स, अगदी सुरुवातीचा. औषधाने आणि व्यायामाने पुष्कळ वर्षं आटोक्यात राहील, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी कुतूहलाने विचारलं, "इतक्या लवकर तुम्ही आलात कसे? लोक हात दिसण्याइतका हलायला लागल्यावर येतात."

"चाकाने सांगितलं," चाळके म्हणाले.

परतीच्या वाटेवर घाटात केतकी गाडी चालवत होती. चाळक्यांनी एकदम विचारलं, "असे किती आहेत? ज्यांच्याबद्दल चाकाला कळलंय आणि त्यांना माहीत नाही?"

"महाराष्ट्रात अकरा हजारांच्या वर."

"आणि मुकादम? त्यालाही वीस इंचीच दिलीय."

"त्यांची नोंद मी बघितलेली नाही. बघणारही नाही." पुढचं वळण तिने संपवलं. "एक रस्ता आहे, बाबा. कायद्यात आहे. आपल्याबद्दल काय नोंदलंय आणि त्यावरून काय ठरवलंय, असं गिऱ्हाइकाने लेखी विचारलं तर कंपनीला एकवीस दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. पण आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही. विचारण्यासारखं काही आहे, हेच कोणाला माहीत नाही."

"तुम्ही ते माहीत होऊ दिलं नाहीत," चाळके म्हणाले. लेकीला टोचेल असं बोलायचं नव्हतं, पण बोलून गेले.

पुढच्या सोमवारी केतकीने वरिष्ठांना स्वतःहून सांगितलं की मी वडिलांची नोंद उघडली होती. तिला त्या विभागातून काढून गोदामाच्या कामावर टाकलं. त्याच दिवशी चाळक्यांनी कंपनीच्या नावे अर्ज लिहिला, आणि दुसरा एक कोरा अर्ज घेऊन मुकादमच्या घरी गेले.

मुकादमची नवी गाडी दारात उभी होती. तो टायरवर पाणी मारत होता. चाळक्यांनी आपला आजार त्याला सांगितला. शैला आणि केतकीशिवाय हे ऐकणारा तो पहिलाच. मुकादमने पाइप खाली टाकला आणि मित्राचा दंड धरला. पण पुढचं ऐकल्यावर त्याने हात काढून घेतला.

"म्हणजे तुला झालंय म्हणून मलाही काहीतरी असणार?"

"असेलच असं नाही. विचार एवढंच म्हणतोय."

"आणि ही गोष्ट शाळेला कळली तर? आपली पोरं कोण देणार माझ्या हातात?" मुकादमचा आवाज चढला. "कालपर्यंत म्हणत होतास चाकात खोट आहे. आज म्हणतोस माझ्यात आहे. तुझी गाडी सुटली, आता माझी सुटलेली बघायचीय का तुला?"

हे शब्द चाळक्यांना लागले. आठवड्यापूर्वी केतकीला ते स्वतः असंच बोलले होते. त्यांनी वाद घातला नाही. अर्ज गाडीच्या बॉनेटवर ठेवला. पाण्याने त्याचा कोपरा भिजला.

"मुकादम, तुझ्या गाडीत सकाळ-दुपार दोन फेऱ्यांत बारा पोरं असतात. माझ्या गाडीत मी एकटा होतो, तरी मला झोप येत नाहीये," एवढंच म्हणून ते घरी आले.

पाच आठवडे मुकादमने फोन उचलला नाही. हॉटेलात दिसला तर पाठ फिरवून बसला. चाळक्यांनी खेर्डीच्या त्या मुलाला सांगितलं, इतर तिघांना सांगितलं. त्यातल्या एकाने दारातूनच परत पाठवलं. दोघांनी अर्ज केले. गावात कुजबुज सुरू झाली. सोसायटीत गाडी लावताना लोक शेजारच्या चाकाकडे वाकून बघू लागले. एका ठिकाणी म्हणे मुलाच्या गाडीला वीस इंची चाकं दिसली म्हणून मुलीकडच्यांनी बोलणी थांबवली. त्या बिचाऱ्याने हौसेने जादा पैसे भरून ती घेतली होती. "हे तू काय करून ठेवलंस," असं लोक चाळक्यांना तोंडावर म्हणाले. कधी कधी त्यांनाही तसंच वाटायचं.

मग एका दुपारी मुकादम आला. चपला काढल्या आणि खुर्चीत बसला. खिशातून घडी घातलेला कागद काढून पुढे केला. पदरवचं उत्तर होतं. 'चालक उजवीकडून येणाऱ्या हालचालीस सातत्याने उशिरा प्रतिसाद देतो. कारण सांगणे आमच्या अखत्यारीत नाही.'

"डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलो," मुकादम म्हणाला. "काचबिंदू. उजव्या डोळ्याचा बाहेरचा भाग गेलाय. मला कळलंच नाही रे. समोरचं सगळं स्वच्छ दिसतं. गेलेलं परत येणार नाही, पण थेंब घातले तर पुढचं राहील." शैलाताईंनी पाणी आणून दिलं, ते त्याने हातातच धरून ठेवलं. "वळताना उजवीकडून सायकलवरून एखादं पोर आलं असतं ना, चाळके..."

"आलं नाही."

"आलं असेल. गाडीने थांबवलं असेल. मला कुठे माहीत?"

शाळेच्या गाडीवर आता मुकादमची सून जात होती.

आसामचं आता कोणी बोलत नव्हतं. ते शैलाताईंनीच काढलं. "जायचंय तर कोणीतरी चालवायला हवं ना," म्हणाल्या, आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी शिकाऊ लायसन्स काढलं. तीन महिने चाळके त्यांना त्याच बंद कारखान्याच्या आवारात शिकवत होते. ते ओरडायचे, त्या गाडी जागच्या जागी थांबवून खाली उतरून चालायला लागायच्या. मग चाळके मागून जाऊन समजूत काढायचे. पक्कं लायसन्स हातात पडलं त्याच आठवड्यात दोघं शोरूममध्ये गेले.

अद्वैतने शैलाताईंचं नाव पडद्यावर घातलं. चाकांच्या सगळ्या ओळी उघडल्या. ज्या बाईच्या नावावर कधी गाडीच नव्हती, तिच्याबद्दल यंत्राला काहीच ठाऊक नव्हतं.

"अठरा द्या," शैलाताई म्हणाल्या. "आणि यातला कुठला टायर आमच्याविषयी काही नोंदत नाही?"

अद्वैत चाळक्यांकडे बघत म्हणाला, "असा टायर आता येत नाही, काकू."

"मग इथे लिहून द्या. हे चाक माझ्याबद्दल जे काही शिकेल, ते सगळ्यात आधी मला सांगायचं. मी विचारायची वाट बघायची नाही."

"फॉर्ममध्ये असा रकाना नाही."

"मागची बाजू कोरी आहे."

अद्वैतने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाला, आज तुम्हाला लिहून दिलं तर उद्या सगळेच मागतील. "मागू देत की," शैलाताई म्हणाल्या आणि पर्स मांडीवर घेऊन नीट बसल्या. मॅनेजरने पुण्याला फोन लावला, मग आणखी कुठेतरी लावला. जेवणाची वेळ टळून गेली. चाळके मधेच उठायला लागले, तर शैलाताईंनी हाताने खाली बसवलं. शेवटी पावणेतीनला मागच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहिल्या गेल्या, खाली सही आणि शिक्का. शैलाताईंनी त्या दोनदा वाचल्या. शब्द पाळला जाईल का, याची त्यांना खात्री नव्हती. कागद पर्समध्ये ठेवताना तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

वीस दिवसांनी त्यांनी सह्यगिरी हायवेवर काढली. चाळके डाव्या सीटवर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. पुढे एक ट्रक हळू होऊ लागला आणि त्यांचा उजवा पाय आपोआप समोरच्या पत्र्यावर दाबला गेला.

"तिथे ब्रेक नाहीये," शैलाताई आरशात बघत म्हणाल्या.

"माहितीये मला."

"मग पाय काढा. मला थांबू द्या."

चाळक्यांनी पाय उचलला आणि सीटखाली दुमडून घेतला.